एकच रॉड यशवंत सागरलाही आणि गुहागरलाही?

विचारणारा इंदूरचाच सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. दोन वर्षं यशवंत सागर आणि चोरल धरणावर रोहू-मृगळच्या मागे फिरतोय. डिसेंबरात पंधरा दिवस गुहागरला मावशीकडे जाणार आहे आणि तिथे समुद्रात गळ टाकून बघायचाय. त्याने लिहिलंय: "काका, दुकानदार म्हणतो 12 फुटी रॉड, 6000 आकाराची रील आणि लुअरचा (नकली आमिषांचा) डबा एकदम घेऊन टाक, दोन्हीकडे चालेल. बजेट आठ हजार. चालेल का? आणि अजून एक. मला मासा लागतो, पण अगदी काठाशी येऊन सुटतो. माझं चुकतंय कुठे?"

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो. काठाशी सुटणारा मासा आठ हजारांच्या नव्या सामानावरही काठाशीच सुटणार आहे. मला गळ टाकून पस्तीस वर्षं झाली आणि त्यातली पहिली आठ-दहा मी नुसते रॉड बदलत काढली. मासा सुटतो तो शेवटच्या दोन हात दोऱ्यात. तिथे गळ असतो, गाठ असते आणि खडकावर घासलेला दोरा असतो. आपण मात्र पैसा ओततो तो दुसऱ्या टोकाला, मुठीकडे, कारण दुकानात हातात धरून बघता येतं ते तेवढंच.

आज घरी जाऊन तुझ्या डब्यातला कुठलाही गळ घे आणि त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढ. टोक नखात रुतून जागीच अडलं तर गळ चांगला. नखावरून घसरत गेलं तर तो बोथट आहे, कानशीने दोन हात मार किंवा फेकून दे. दोन वर्षांत तू किती गळ बदललेस? बहुतेक तुटले तेवढेच. चांगल्या गळांचं पाकीट शंभर-दोनशे रुपयांत येतं आणि नेमकं तिथेच आपला हात आखडतो.

आता गाठ. पुढच्या वेळी दोरा तुटला की शिव्या घालण्याआधी तुटलेलं टोक बघ. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल तर दोरा तुटलाच नाही, गाठ सुटली. टोक खरबरीत, पांढुरकं असेल तर दगडावर किंवा शिंपल्यावर घासला. स्वच्छ कापल्यासारखं असेल तर दात किंवा धारदार कडा. मी पैजेवर सांगतो, तुझ्याकडे कुरळं टोक निघेल, कारण नव्या माणसाची गाठ कोरडी आवळलेली असते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, कोरडा आवळला की स्वतःवरच घासून तापतो आणि गाठीजवळ कमजोर पडतो. गाठ आवळण्याआधी तोंडात धरून ओली कर आणि सावकाश ओढ, झटका नको.

मी गेली कित्येक वर्षं एकच गाठ मारतो, युनी. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवायचा, टोक मागे आणून मूळ दोऱ्याला समांतर धरायचं, टोकाचा एक मोठा फासा करायचा आणि त्या फाशातून टोक दोन्ही दोऱ्यांभोवती पाच वेळा फिरवायचं. थुंकी लावायची, टोक ओढून वेढे एकावर एक नीट बसवायचे, मग मूळ दोरा ओढून गाठ डोळ्यापर्यंत सरकवायची. टोक दोन मिलिमीटर ठेवून कापायचं. मग गळ दाराच्या कडीला अडकवून जोर लावून ओढायचा. तुटायची असेल तर ती घरी तुटू दे. टीव्ही बघता बघता पन्नासेक वेळा बांध, डोळे मिटून जमेपर्यंत. पहाटे पाच वाजता, थंडीने बोटं आखडलेली असताना, हाताला जेवढं येतं तेवढंच आपलं.

तिसरी गोष्ट ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक. तू तो "अंदाजाने" घट्ट करत असशील. प्रवासाच्या बॅगा मोजायचा काटा घरात असेलच. रॉड साधारण तिरका धर, दोरा काट्याला बांध आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांग. 12 पौंडी दोरा म्हणजे साधारण साडेपाच किलोची ताकद. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे दीड किलोच्या आसपास दोरा सोडायला लागला पाहिजे. करून बघ, तुला तो फारच सैल वाटेल. तेवढाच हवा असतो.

आणि काठाशीच का? चाळीस मीटरवर मासा असतो तेव्हा एवढा लांब तंगूस रबरासारखा ताणला जातो आणि धक्का पचवतो. मासा तीन मीटरवर आला की ताणायला दोराच उरत नाही. त्याच वेळी माशाला माणूस दिसतो, तो शेवटची मुसंडी मारतो आणि आपण घाबरून रॉड सरळ आभाळाकडे उचलतो. रोहूचे ओठ मऊ असतात, गळ फाडून निघतो. म्हणून मासा जवळ आला की ड्रॅग अर्धा फेरा सैल कर, रॉड बाजूला आडवा धर आणि जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेव. मासा जाळीवर आणायचा. जाळी घेऊन माशामागे पळायचं नाही. शेजारी उभा असलेला उत्साही मित्र नेमकं तेच करतो, त्याला आधी चहा आणायला पाठव.

आता रॉड. नाही, एक रॉड दोन्हीकडे चालणार नाही. पण एक रील चालेल, आणि दुकानदाराला हेच सांगायचं नसतं. 12 फुटी, 100 ग्रॅम शिसं फेकणारा रॉड यशवंत सागरच्या काठावर धरलास तर अर्ध्या किलोचा मृगळ गळाला लागलाय हे तुला कळणारच नाही. उलट तुझा 7 फुटी रॉड गुहागरला नेलास तर लाटा दोऱ्यावर आपटतील आणि शिसं सारखं काठाकडे येत राहील. समुद्राचा रॉड लांब असतो तो नुसता दूर फेकायला नाही, दोरा फुटणाऱ्या लाटांच्या वर धरायलाही.

तेव्हा 4000 आकाराची एक बरी रील घे, जिच्याबरोबर जादा स्पूल (दोरा गुंडाळायची फिरकी) मिळतो अशी. एका स्पूलवर 0.28 किंवा 0.30 मिलिमीटरचा तंगूस, तलावासाठी. दुसऱ्यावर 20 ते 30 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, समुद्रासाठी. ब्रेडखाली दहा-बारा मीटर तंगूस आधी गुंडाळ, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेड अख्खाच्या अख्खा गोल फिरतो आणि तुला वाटतं ड्रॅग बिघडला. स्पूल काठापासून दीड-दोन मिलिमीटर रिकामा ठेव. जास्त भरलास तर वेढेच्या वेढे सुटून गुंता होतो, कमी भरलास तर फेक तोकडी पडते. तलावाचा रॉड तुझ्याकडे आहेच. समुद्रासाठी 11 ते 12 फुटांचा, 80 ते 120 ग्रॅम पेलणारा साधा रॉड घे, पण तीन तुकड्यांचा. दोन तुकड्यांचा रॉड म्हणजे सहा फुटांची नळी, ती अवंतिका एक्स्प्रेसच्या बर्थवर कुठे ठेवणार? एकात एक सरकणारा घडीचा रॉड नको. किनाऱ्यावरची वाळू त्याच्या सांध्यात गेली की तो बंदही होत नाही आणि उघडतही नाही. लुअरचा डबा दुकानातच राहू दे. उरलेले पैसे गळ, शिसं आणि लीडरच्या, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडायच्या जाड दोऱ्यात घाल.

इथल्या पाण्याबद्दल फार लिहीत नाही, तुला ते येतं. दोनच गोष्टी. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कटल्याचं तोंड वर वळलेलं, मृगळचं खाली, बघितलंस तरी समजेल. म्हणून तरंगा लावून दीड मीटरवर आमिष ठेवलंस आणि दिवसभर मृगळची वाट बघत बसलास तर चूक मृगळची नाही. तळ मोजून घे: गळाला थोडं शिसं अडकव, तरंगा सरकवत जा, तरंगा जेमतेम डोकं वर काढेल तिथे तळ. दुसरी गोष्ट, कणकेचा गोळा फेकताना सुटतो ही सगळ्यांचीच तक्रार. कणीक आणि भाजलेली शेंगदाण्याची पेंड मळताना त्यात कापसाचे धागे विंचरून घाल. गोळा गळावर चिकटून राहतो, माशाने टोचला तरी सुटत नाही. आमच्यातला एक जण त्यात जीरावणसुद्धा (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) घालायचा, म्हणायचा इंदूरचा मासा आहे, पोह्याची सवय असणार. त्याला मासे आमच्याइतकेच लागायचे, ना कमी ना जास्त. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेचा हट्ट सोड. पाणी गार असतं, मासा खोल आणि सुस्त. बारा ते तीन बस.

गुहागरवर जास्त लिहितो, कारण तिथे तू पहिल्या दिवशी माझ्यासारखाच वागशील. मी पहिल्यांदा कोकणात गेलो तेव्हा रॉड लांब घेतला होता, शिसं 100 ग्रॅमचं, पण दोरा तोच तलावाचा 0.30 चा. पूर्ण ताकदीने फेकलं. बंदुकीसारखा आवाज झाला, दोरा तुटला आणि शिसं एकटंच सुटलं. नशीब, ते समुद्राकडे गेलं. मागे वीस पावलांवर दोन पोरं खेळत होती. त्या दिवसापासून लीडरशिवाय मी शिसं उचलत नाही. हिशोब सोपा आहे: दर 28 ग्रॅम, म्हणजे एक औंस शिशाला 10 पौंड लीडर. 100 ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस, म्हणून 35-40 पौंडी जाड तंगूस, साधारण 0.55 मिलिमीटरचा. लांबी रॉडच्या दुप्पट, शिवाय रीलवर पाच-सहा वेढे पडतील इतकी, म्हणजे फेकतानाचा सगळा झटका जाड दोऱ्यावर येतो. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम, पण ती एका रात्रीत येत नाही. तोपर्यंत दोन युनी एकमेकींकडे तोंड करून बांध, ब्रेडच्या बाजूला आठ वेढे. गाठ कड्यांतून थोडी खडखडते, चालतं. आणि तर्जनीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाल. ब्रेडने बोट कापतं आणि वर खारं पाणी लागतं.

आता वेळ. इंदूरच्या माणसाला भरती-ओहोटीची सवय नसते, पण आपल्या घरात भिंतीवर मराठी कॅलेंडर असतं आणि तेवढं पुरतं. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, पहाटेही आणि दुपारीही, आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. अर्धा तास इकडेतिकडे होतो. शेजारच्या हिंदी घरात महिना पौर्णिमेला बदलतो आणि आपल्याकडे अमावास्येला, पण तिथी एकच, त्यामुळे गोंधळ नको. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जोरात वाहतं, नवख्याचं शिसं टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत. तुझ्यासाठी नवमी-दशमी सोन्यासारखी: पावणेसात ते साडेसातला पूर्ण भरती, म्हणजे उजाडता उजाडता. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास गळ पाण्यात असू दे. बाकी वेळ मावशीच्या हातचं खा.

पण पहिल्याच दिवशी सरळ रॉड घेऊन पळू नकोस. आदल्या दिवशी पूर्ण ओहोटीला रिकाम्या हाताने किनारा चाल. वाळूत जिथे लांबट चर दिसेल, पाण्याचं डबकं राहिलं असेल, तिथे भरतीला खोल पाणी असणार. जवळचं एखादं सुरूचं झाड खुणेला धर. भरतीच्या वेळी त्याच जागी लाट फुटत नाही, पाणी जरा गडद दिसतं. आजूबाजूला फेस आणि मध्ये गुळगुळीत पट्टा. मासा त्या चरात फिरतो, लाटेने उकरलेले किडे आणि खेकडे खात. चर बहुतेक वेळा काठापासून वीस-पंचवीस मीटरवरच असतो. नवखा माणूस ऐंशी मीटर फेकायला जातो आणि आमिष माशांच्या डोक्यावरून पलीकडे उथळ वाळूवर टाकून येतो.

शिसं गोल नको, ते लोळतं. पिरॅमिडच्या आकाराचं वाळूत रुततं. 80 ग्रॅमपासून सुरू कर, वाहून गेलं तर 100 लाव. रचना साधी ठेव: लीडरच्या टोकाला शिसं आणि त्याच्या वर फूट-दीड फुटावर छोट्या फांदीसारखा एक गळ. एकच, दोन नको. गळ सर्कल घे, म्हणजे टोक आत वळलेला, 1/0 ते 3/0. लक्षात ठेव, साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि पुढे शून्य लागलं की उलट. तलावावर आपण 4 ते 6 नंबर वापरतो. सर्कल गळाला झटका मारायचा नसतो. रॉड वाकला की नुसती रील फिरवत जा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुझ्या हाताला रोहूच्या झटक्याची सवय आहे, पहिले दोन-तीन मासे तू नक्की घालवशील.

आमिष बाजारातली ताजी कोळंबी, कवचासकट. शेपटीकडून गळ ओवून शिवणाच्या बारीक इलॅस्टिक दोऱ्याने पाच-सात वेढे दे, नाहीतर फेकताना कोळंबी एकीकडे आणि गळ दुसरीकडे. माकुलाची (स्क्विडची) पट्टी त्याहून टिकाऊ. कुर्ल्या आमिष सारखं कुरतडत असतील तर तीच लाव. दहा-पंधरा मिनिटांनी आमिष बदल, धुऊन निघालेल्या कोळंबीला वास उरत नाही. किनाऱ्यावर तुला ढोमा, करकरा, शिंगाळा मिळेल, नशीब असेल तर रावस. जिताडा हवा असेल तर खाडीच्या मुखाकडे, दाभोळच्या बाजूला जा आणि आमिषाला जिवंत बोय मासा लाव, पण ते पुढच्या वर्षीचं काम. खडकाळ जागी शिसं हमखास अडकतं. तिथे गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग ने आणि ते कच्च्या, पातळ दोऱ्याने बांध. अडकलं तर प्लग जाईल, मासा आणि गळ परत येईल. हेदवीच्या बामणघळीसारख्या, कातळातल्या अरुंद भेगेच्या जागी मात्र ओल्या कातळावर उभा राहू नकोस. दहा लाटा शांत येतात आणि अकरावी माणसाला घेऊन जाते.

मासा लागल्यावर लाटेशी भांडू नकोस. लाट आत येताना रील फिरव, परतताना थांब, गरज पडली तर दोरा दे. शेवटी मोठ्या लाटेबरोबर चार पावलं मागे हटलास की मासा आपोआप वाळूवर येतो. शिंगाळा आला तर हात लावण्याआधी पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे बघ, विषारी असतात. पक्कडने गळ काढ. टोचलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून धर, कळ उतरते, आणि मग डॉक्टरकडे जा. गुडघाभर पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेली असली तर सरकून जाते.

परत आल्यावरचं थोडं. आपल्याकडे मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, गळानेही टाकू नकोस. मासा तेव्हा अंडी घालतो. तलाव ठेक्यावर दिलेले असतात, काठावर बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारत जा. यशवंत सागर आणि सिरपूर तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. यशवंत सागरला सारस येतात आणि टाकून दिलेल्या तंगुसात त्यांचे पाय अडकतात. तुटलेला दोरा खिशात घालून घरी आण. नर्मदेवर महेश्वरच्या घाटांवर गळ काढूच नकोस, लोक तिथे माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. आणि कधी नर्मदेत बाडस (महसीर) लागलाच, तर तो 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. वाहत्या, खडकाळ पाण्याचा जीव, धरणांनी पाणी थांबवलं आणि तो आटला. गळाचा मागचा काटा पक्कडने आधीच दाबून ठेवला असशील तर पाण्यातल्या पाण्यात सोडता येतो.

शेवटचं रीलचं. गुहागरला रोज संध्याकाळी ड्रॅग घट्ट करून रील आणि रॉडची कडी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धू. जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. पुसून सावलीत वाळव, मग ड्रॅग पूर्ण सैल कर आणि हँडलच्या सांध्यात एक थेंब तेल सोड. मी एकदा कोकणातून येऊन रील तशीच पिशवीत ठेवली होती, होळीला उघडली तेव्हा हँडल फिरेना. धुण्यासाठी मावशीकडून वेगळी बादली मागून घे. आमिषाची कोळंबी जिच्यात ठेवलीस ती बादली न्हाणीघरात परत ठेवू नकोस, त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.